मेल्या पायांचा सर्व्हे

चहा ओता, आणि आधीच सांगून ठेवते, मध्ये कुणी हसायचं नाही. शेवटी हसा. मूर्खपणा काय, सगळेच करतात. पण मन लावून, मेजरिंग टेप घेऊन, सेंटीमीटरमध्ये मोजून, वर त्याचा तक्ता करून हेड ऑफिसला मेल केलेला मूर्खपणा? तो आख्ख्या लखनौत मी एकटीनं केलाय.

तर मी राहते इंदिरा नगरला, आईबाबांबरोबर. बाबा रेल्वेत इंजिनिअर, आई बँकेत. माझं ऑफिस महानगरला, चार मजली जुनी इमारत, आत शंभरेक माणसं दिवसभर विम्याचे कागद तपासत बसलेली. मी कागद तपासत नाही. मी 'अ‍ॅडमिन अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह'. नाव ऐकून दबकू नका. ओल्या फरशीवर पिवळी पाटी ठेवायची आणि फरशी वाळली की उचलायची, एवढीच माझी सेफ्टी. नाव सायली, पण ऑफिसात मी 'शैली मैडम'. पहिल्या आठवड्यात सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

आता मुद्द्याचं. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन मे महिन्यात संपत होतं. कन्फर्मेशन झालं तर नोकरी पक्की. नाही झालं तर बाबा. कारण बाबांचा प्रायव्हेट नोकरीवर काडीचा विश्वास नाही. त्यांनी रेल्वेच्या परीक्षेचा फॉर्म माझा फोटो चिकटवून तयार ठेवला होता आणि दर रविवारी मला तो दाखवायचे. कन्फर्म झालीस तर मी स्वतः फाडतो, म्हणायचे. नाहीतर जूनपासून कोचिंग, सकाळी साडेसहाची बॅच. साडेसहाची! म्हणजे माझा जीव कुठे टांगला होता ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि कन्फर्मेशनचा शेरा लिहिणार कोण? आमचे ब्रँच हेड, श्रीवास्तव सर. हा माणूस म्हणजे काय सांगू, सकाळी दहाला येऊन खुर्चीत जो मावळतो तो संध्याकाळी सहालाच उगवतो. कुठलाही कागद समोर गेला की एकच वाक्य, ''देख लीजिए, जो ठीक लगे।'' यांना ठीक काय वाटतं ते देवाला ठाऊक.

एका सोमवारी हेड ऑफिसमधून मेल आला. पुण्याहून. सेफ्टी विभागाच्या इनामदार बाईंचा. विषय होता लिजिओनेला. सगळ्या ब्रँचनी आपापल्या एसीच्या यंत्रणेत लिजिओनेलाचा किती धोका आहे ते तपासा आणि सोबतचा फॉर्म गुरुवारपर्यंत भरून पाठवा. मी मेल सरांकडे नेला. सरांनी एक डोळा उघडून बघितलं. म्हणाले, देख लीजिए, जो ठीक लगे, बस फॉर्म खाली मत छोड़िएगा, हेड ऑफिस खाली फॉर्म से चिढ़ता है. आणि वर हेही म्हणाले की यह ढंग से चला गया तो आपका कन्फर्मेशन समझिए हो गया.

झालं! हा फॉर्म मी असा भरणार होते की पुण्यात फ्रेम करून लावतील.

पहिली गोष्ट, मी लिजिओनेला नेटवर शोधलं. नाही शोधलं असं कुणी म्हणायचं नाही. पहिल्या चार ओळी वाचल्या. जंतू असतात, एसीच्या पाण्याशी संबंध असतो, ताप येतो, अंग दुखतं, स्नायू दुखतात. पाचवी ओळ वाचायच्या आत मला सगळं कळलं. मला नेहमीच पाचव्या ओळीच्या आत सगळं कळतं, हाच माझा आजार.

मग फॉर्म उघडला. फॉर्मचं इंग्रजी असं, की लिहिणाऱ्याला शब्दामागे पगार मिळत असावा. पण मधोमध एक रकाना एकदम सोपा. 'डेड लेग्ज'. एकूण संख्या किती. प्रत्येकाची लांबी किती. काढून टाकले का. काढणं शक्य नसेल, तर दर आठवड्याला पाणी सोडता का.

डेड लेग! आता मला सांगा, तुमच्या घरी माझ्या आईसारखी आई असती तर तुम्ही काय समजला असता? आमची आई बँकेत पंचवीस वर्षं एकाच एसीखाली बसते. रोज संध्याकाळी दारात चपला काढताना तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, ''हा मेला पाय!'' मग सोफ्यावर बसून दुसरं, ''मेला एसी!'' मी लहानपणापासून हे ऐकत आले. डेड म्हणजे मेला. लेग म्हणजे पाय. डेड लेग म्हणजे मेला पाय. एसीमुळे होतो. लिजिओनेलाच्या स्पेलिंगची सुरुवातच 'लेग'नं होते, तेही इंग्रजांनी काही उगीच ठेवलं नसणार.

त्या संध्याकाळी मी आईला रीतसर विचारलं, तुझा पाय नक्की कशानं मेलाय? ती म्हणाली एसीखाली बसून बसून गार पडतो, मुंग्या येतात, मग आपला वाटतच नाही मेला. मी लिहून घेतलं. मग विचारलं, उपाय काय? ती म्हणाली कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकायचं आणि पाय सोडून बसायचं, आठवड्यातून एकदा तरी. मी फॉर्म बघितला. दर आठवड्याला पाणी सोडता का! माझ्या अंगावर काटा आला. पुण्यातले सेफ्टीवाले आणि माझी आई, दोघांचं एकमत! बाबा मात्र पेपर खाली करून म्हणाले की कुठल्या कंपनीत लोकांचे पाय मोजतात? मी म्हटलं, बाबा, रेल्वेत नसतील मोजत. आमच्याकडे माणसाची किंमत आहे.

मंगळवारी सकाळी दहा वाजता टेप घेऊन मी सर्व्हे सुरू केला.

तुम्हाला वाटेल लोक लाजले असतील. छे! आमच्या ऑफिसातल्या लोकांना कामाशिवाय काहीही विचारा, जीव ओततात. मी नुसतं म्हटलं की एसी की वजह से किसी का पैर सुन्न पड़ता है क्या, तर क्लेम्सच्या आख्ख्या रांगेनं हात वर केला. एकीचा डावा पाय, एकाचे दोन्ही, एकाचा पाय नीट होता पण मित्राचं नाव लिहिलं म्हणून तोही रुसून मेला. मी बजावलं, बाबांनो, खरोखर मेलेलेच सांगा, हे पुण्याला जाणार आहे. तरीही नावं वाढतच गेली. सुन्न पायावर सुट्टी मिळते अशी अफवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली होती.

मोजमाप करायला मला टेबलांखाली वाकावं लागायचं. अकाउंट्सचे तिवारीजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, अतिशय शालीन माणूस. मी काही सांगायच्या आत त्यांच्या पायांशी वाकले, तर त्यांनी झटकन माझ्या डोक्यावर हात ठेवला. ''जीती रहो बिटिया। आज क्या है, जन्मदिन?'' आता वाकलेच होते तर काय करणार? नमस्कार केला, आशीर्वाद घेतला आणि उठता उठता मापही घेतलं. ब्याण्णव सेंटीमीटर.

संध्याकाळपर्यंत चौदा मेले पाय. सरासरी अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. मी तक्ता केला. डावा निळ्या रंगात, उजवा हिरव्या.

बुधवारी आठवलं की एसीचा प्लँट चालवणाऱ्या माणसाला तर विचारलंच नाही. रहमत चाचा. आमच्या गच्चीवर ते मोठं कूलिंग टॉवर आहे ना, ज्यात पाणी वरून झिरपतं आणि वरचा पंखा गरगरतो, ते चाचा सांभाळतात. रोज मलिहाबादहून मोटरसायकलवर येतात, आमराईच्या रस्त्यानं, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी हजर. बोलणं इतकं अदबीचं की कुत्र्यालासुद्धा 'ज़रा हट जाइए' म्हणतात. मी त्यांना फार मोजत नव्हते, खरं सांगते. मला वाटायचं, एक पंखा चालू करायचा, एक बंद करायचा, यात काय एवढं.

चाचा पंपाच्या खोलीबाहेर उभे होते. मी वही काढली आणि विचारलं, ''चाचा, आपकी कोई डेड लेग है?''

चाचा खूश झाले. म्हणाले, ''वाह बिटिया, पहली बार किसी ने पूछा। दो थीं। एक तो परसाल कटवा दी।''

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

''कटवा दी?''

''हाँ। क्या करते, पानी सड़ने लगा था उसमें। बदबू आती थी।''

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. पायजमा, खाली चपला, दोन्हीकडे पंजे. मनात म्हटलं, काय सुरेख बनवतात हल्ली कृत्रिम पाय. मी हळू आवाजात विचारलं, किसने काटी?

''वेल्डर साहब आए थे। यहीं छत पर। दस मिनट में काट के अलग।''

आता इथे थांबा. तुम्ही म्हणाल, एवढं ऐकूनही हिची ट्यूब पेटली नाही? अहो, पण आपण मराठी माणसं! मुंबईच्या मावशीकडे दर सुट्टीत जाऊन मी लहानाची मोठी झाले. तिचे फॅमिली डॉक्टर डॉक्टर इंजिनिअर, दातांचे डॉक्टर डॉक्टर बाटलीवाला, खाली राहणारे मिस्टर कॉन्ट्रॅक्टर, सगळे पारशी, धंद्याचं नाव तेच आडनाव. वेल्डर साहेब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातले, गोरेपान, नाकेले पारशी डॉक्टर उभे राहिले. वर 'साहब' म्हटलेलं. लखनौत वेल्डरलासुद्धा साहेब म्हणतात हे मला, जन्म इथे गेलेल्या मुलीला, त्या क्षणी आठवू नये? नाही आठवलं.

गच्चीवर ऑपरेशन! मी म्हटलं, चाचा, हॉस्पिटलात का नाही? म्हणजे असं सरळ नाही विचारलं, विचारलं की बाहर ले जाके क्यों नहीं कटवाया. ते म्हणाले बाहेर कशी नेणार, जोडलेली होती. बरोबरच होतं. मग मी विचारलं, ''आपको... तकलीफ़ नहीं हुई?''

''तकलीफ़ कैसी बिटिया। बड़ा सुकून मिला। दूसरी भी कटवा देते, मगर श्रीवास्तव साहब ने कहा रहने दो, जो ठीक लगे।''

पाहिलंत! या माणसाला रहमत चाचांचा दुसरा पाय कापायचा की नाही याच्यावरसुद्धा 'जो ठीक लगे'! माझ्या डोक्यात सणक गेली.

चाचा म्हणाले, दुसरीत ते दर सोमवारी पाणी सोडतात, चालतंय. आणि मग अतिशय मोकळेपणानं, ''देखेंगी? चलिए, ऊपर दिखाते हैं।'' मी घाबरून मागे सरले. म्हटलं, नको नको चाचा, तुम्ही म्हणताय म्हणजे आहेच. बघा, किती अदब. चारचौघांत पाय उघडा करणार नाहीत, दाखवायचा तर वर, एकांतात. ते गेले तेव्हा त्यांची चाल मी नीट निरखली. सावकाश, तोलून, एक पाऊल मग दुसरं. अख्खं लखनौ असंच चालतं, पण मला मात्र त्यात लंगडं दिसलं, शपथ! एका पायावर रोज मलिहाबाद ते महानगर मोटरसायकल! मी जिन्यात उभी राहून डोळे पुसले.

गुरुवारी दुपारी फॉर्म गेला. एकूण डेड लेग्ज: सोळा. सरासरी लांबी: अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. काढून टाकलेले: एक, वेल्डर यांच्याकडून, गच्चीवर. उरलेल्यांमध्ये पाणी सोडण्याची सोय: कोमट, मिठासहित. आणि शेऱ्यात मी माझ्या इंग्रजीचा कस लावून लिहिलं की श्री. रहमत यांनी हा प्रसंग मोठ्या धीरानं सोसला आणि एक दिवसही सुट्टी घेतली नाही.

पाण्याची सोयही मी तोवर करून टाकली होती. फॉर्मात लिहायचं आणि करायचं नाही, ते काम श्रीवास्तव सरांचं. कॉन्फरन्स रूममध्ये पाच टब मांडले, पँट्रीतून कोमट पाणी, मूठ मूठ मीठ. सर पहिल्यांदाच खुर्चीतून उठून बघायला आले. एवढे खूश झाले की घरी पडलेलं पाय शेकायचं मशीन घेऊन आले, कुणीतरी भेट दिलेलं. त्यात पाणी कोमट राहतं, खालून बुडबुडे येतात, वर तुषार उडतात. ते बरोबर एसीच्या झोताखाली ठेवलं, म्हणजे गार वारा आणि कोमट तुषार, दोन्ही. पहिला नंबर सरांचाच. त्यांचा पाय मेलेला नव्हता. त्यांचं सगळंच मेलेलं आहे, पण ते सोडा.

पाच वाजता फोन वाजला. इनामदार बाई, पुण्याहून. आवाज असा आंबट की वर लिंबू पिळायची गरज नाही.

''सायली, सोळा? एका ब्रँचमध्ये सोळा डेड लेग?''

मी म्हटलं हो मॅडम, नीट शोधले, म्हणून सापडले. अजूनही असतील.

मग त्या म्हणाल्या, ''आणि मीठ? तुम्ही पाण्यात मीठ घालताय?''

''मूठभरच. आईनं सांगितलंय.''

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, भारावल्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की मी सोमवारी सकाळच्या फ्लाइटनं येते, तोवर कशालाही हात लावू नका, काहीही हलवू नका. जसं आहे तसं मला बघायचंय.

विचार करा हो! ज्यांनी म्हणे कुठल्या ब्रँचमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही, त्या स्वतः माझं काम बघायला येणार. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की फॉर्म फाडायची तयारी करा. आणि ऑफिसात ताकीद दिली, कॉन्फरन्स रूममधला एक टबसुद्धा हलवायचा नाही. पाणीसुद्धा जसंच्या तसं. मशीनही चालूच. शनिवार, रविवार, लखनौचा मे महिना. असो.

सोमवारी इनामदार बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, पायात जाड बूट, हातात टॉर्च. चहा नको, पाणी नको. ''पहिला डेड लेग दाखवा.'' मी त्यांना ऐटीत कॉन्फरन्स रूममध्ये नेलं. तिथे सगळे बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय टबांत. तिवारीजींनी बसल्या बसल्या आदाब केला.

बाईंनी टॉर्च चालू केला. मग बंद केला. ''हे कोण?''

''हेच ते, मॅडम.''

बाईंनी एकेका माणसावरून नजर फिरवली. मला वाटलं संख्या मोजतायत. मग त्यांनी अगदी हळू विचारलं की तुमच्या इथे प्लँट कोण बघतं? मी म्हटलं, तेच ते मॅडम, शेऱ्यात लिहिलंय ना, रहमतजी.

चाचा आले. मी धावत जाऊन खुर्ची दिली. ते कसंनुसं हसून उभेच राहिले. बाईंनी त्यांना हिंदीत विचारलं की डेड लेग कुठे आहे, आणि चाचा म्हणाले चलिए हुज़ूर. आम्ही चार मजले चढलो. मी सगळ्या पायऱ्या चाचांचं कोपर धरून. ते दोनदा म्हणाले, बिटिया, हम चढ़ लेंगे. मी म्हटलं, चाचा, मुझे सब पता है.

गच्चीवर ऊन असं की डोळे उघडेनात. टॉवरमधून पाणी झिरपत होतं. चाचा एका पाइपापाशी गेले, त्यातून फुटलेल्या हातभर लांबीच्या, टोकाशी बंद केलेल्या फाट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ''यह रही हमारी दूसरी।'' मग जरा पलीकडे, जिथे नुसता जोडाचा गोल डाग होता, तिथे बोट ठेवलं. ''और पहली यहाँ से काटी थी वेल्डर साहब ने।''

मी पाइप बघितला. मग चाचांचे पाय बघितले. मग पुन्हा पाइप.

''सायली,'' बाई म्हणाल्या, ''तुम्ही अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर काय मोजलंत?''

''पाय.''

''कुणाचे?''

''स्टाफचे.''

त्या टॉवरच्या सावलीत गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं उन्हाचं काहीतरी होतंय, पण नाही. चाचांना काही कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, बाईंना काय झालं, आणि मी जेव्हा सांगितलं की मला वाटलं तुमचा पाय कापलाय, तेव्हा त्या भल्या माणसानं दोन्ही हातांनी पायजमा घोट्यापर्यंत वर केला आणि एकदा हा, एकदा तो, असे दोन्ही पाय हलवून दाखवले.

मग बाईंनी समजावलं, आणि समजावलं म्हणजे सोललं. डेड लेग म्हणजे पाइपाचा असा तुकडा ज्यातून पाणी पुढे जातच नाही. पडून राहतं, कोमट होतं, त्यात जंतू वाढतात. तेच पाणी तुषार होऊन पंख्यानं हवेत उडालं आणि कुणाच्या छातीत गेलं की न्यूमोनिया. माणसं मरतात, सायली. पायाशी काही संबंध नाही. छातीशी आहे. मी विचारलं, मग फॉर्म वाचून तुम्हाला काय वाटलं? त्या म्हणाल्या, मला वाटलं लखनौच्या प्लँटचा उकिरडा झालाय, आणि कुणीतरी त्यात मीठ ओततंय. धीरानं सोसलं वगैरे वाचून वाटलं, पोरीचं इंग्रजी कच्चं आहे.

चाचांनी त्यांची वही दाखवली. कुठल्या दिवशी टॉवर घासला, कुठल्या दिवशी पाण्यात दवा टाकली, कुठल्या सोमवारी दुसरीतून पाणी सोडलं, सगळं सुवाच्य अक्षरात, तारखेवार. परसालपासून एकही खाडा नाही. बाई पानं उलटत राहिल्या आणि म्हणाल्या की अशी वही मी पुण्यातही पाहिलेली नाही. आणि मी? मी याच माणसाबद्दल काय म्हणत होते? एक पंखा चालू, एक पंखा बंद.

खाली आलो. कॉन्फरन्स रूममध्ये ते सगळे अजून टबातच, कारण काहीही हलवायचं नव्हतं. बाई दारातच थबकल्या. नाक वर केलं. मग टॉर्च लावून एकेक टब बघितला. गुरुवारचं पाणी. वर बुळबुळीत साय. मग त्या मशीनपाशी गेल्या. कोमट पाणी, चार दिवस साचलेलं. खालून बुडबुडे. वर तुषार. त्यावर एसीचा झोत, जो तुषार आख्ख्या खोलीभर उडवत होता.

मला तेव्हा कळलं. वर, पाठ्यपुस्तकात फोटो लावावा असा स्वच्छ टॉवर. आणि इथे, खाली, मी स्वतः, स्वतःच्या हातानं, मीठ घालून...

''सगळ्यांनी पाय काढा,'' बाई म्हणाल्या. ''आत्ता. बाहेर जा. हे बंद करा.'' मराठीतच म्हणाल्या, पण तो सूर कळायला भाषा लागत नाही. सगळे एकदम उभे राहिले. सरांनी लगबगीनं मशीनचा प्लग काढला. माझ्या माहितीतलं ते त्यांनी केलेलं पहिलं काम.

बाई बाहेरच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर धोक्यांची यादी भरायला लागल्या. मी मागे उभी. टॉवर, हिरवा. पंप, हिरवा. पाण्याची टाकी, हिरवी. आणि मग एकच ओळ, लाल. कॉन्फरन्स रूम. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं की हा धोका कुणामुळे. बाईंनी माझं नाव टाइप केलं, पूर्ण, आडनावासकट.

श्रीवास्तव सर ओल्या पायांनी हळूच जवळ आले. परिस्थिती अशी होती की दगडालासुद्धा कळलं असतं, गप्प बसावं. पण सर दगडाच्या पुढचे. आवाजात गोडवा घोळवून म्हणाले, ''मैडम, वो शैली जी के कन्फर्मेशन का भी देख लेतीं...''

बाईंनी मान वर केली नाही. ''कन्फर्म हो गया,'' त्या म्हणाल्या. आणि लाल ओळीवर बोट ठेवून, खालच्या आवाजात, ''ख़तरा।''

सरांनी अर्धंच ऐकलं. नेहमीसारखं. वळून टाळी वाजवली, ''भई, बधाई हो! शैली जी कन्फर्म हो गईं!'' आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिवारीजींनी पुन्हा डोक्यावर हात ठेवला. पँट्रीतून कुणीतरी बर्फीचा डबा आणला. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, सांगायला. त्यात कुणीतरी बर्फी घातली.

बाईंनीही एक तुकडा घेतला. सावकाश खाल्ला, बोटं पुसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

''खाऊन घे, बाळ. पत्र आलं की घशाखाली उतरायची नाही.''